मास्तरच्या हातची गाडी

गाडी इकणारे मी लय पाह्यले, पण गाडीसंगं सोताले फुकटात देऊन टाकणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच निंगाला, अन् तो बरोब्बर माह्याच गळ्यात पडला. गाडी घेतली म्हणजे गाडी घरी येते, असा माहा समज होता. माह्या घरी आधी त्या इकणाऱ्या गुरुजीचा फोन आला, मंग गुरुजी आले, मंग त्याईची छत्री आली, मंग त्याईचे नियम आले. अन् गाडी दारात उभी राहून माह्याकडं अशी पाहे का जसा मीच तिच्या घरी भाड्यानं राह्यलो हावो. लोक सांगतात, जुनी गाडी घेताना इंजन पाहा, चैन पाहा, टायर पाहा. मी सांगतो, पयले इकणारा पाहा. अन् तो रिटायर मास्तर निंगाला त चप्पल हातात घ्या अन् पळा. हे मी सांगून राह्यलो अन् बायको लिहून राह्यली, कारण माहं शिक्षण काही झालं नाही. तिच्याविषयी काही आलं का तिचा पेन थांबते, म्हणून मधात कुठं तुटल्यावाणी वाटलं त समजून घ्या.

गाडी पायजे होती ते बायकोसाठी. महागावात पोरींच्या होस्टेलात तिले स्वयंपाकाचं काम लागलं. सकाळी सहाले कणकीत हात पायजे, अन् आमच्या गावातून पयली बस निंगते साडेसातले. रस्ता चौदा किलोमीटर. होस्टेलच्या मॅडमनं पयल्याच दिवशी सांगून टाकलं का माह्या पोरी उपाशी कॉलेजात गेल्या त मी दुसरी बाई पाहीन. म्हणजे गाडी चालू झाली त बायकोचं काम राह्यते, नाही त बायको दिवसभर घरी अन् मी तिच्या डोळ्यासमोर. यातलं कोणतं जास्त भारी ते मी सांगत नाही, पेन थांबंल.

पयली गाडी मी लोहाऱ्याच्या तिकडच्या एका माणसापासून घेतली. तो कुठल्याशा कारखान्यात जाये. त्यानं माह्यासमोर अर्ध्या किकमधी गाडी चालू करून दाखवली. मी कौतुकानं इंजनावर हात ठेवला त चटका बसला. कोणत्याही शहाण्या माणसाले समजलं असतं का यानं आपण यायच्या आधी अर्धा घंटा गाडी तापवून ठेवली हाये. मी म्हटलं, वा, काय गरम रक्ताची गाडी हाये! दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीले किका मारता मारता माहा पाय सुजला अन् गाडी जागची बोलली नाही. शेवटी बायको सीटवर बसली अन् मी ढकलत ढकलत डांबरी रोडापर्यंत नेली. चालली म्हणजे चालली ती गाडी, फक्त इंजन माहं होतं. पुढं ती भंगारवाल्यानं नेली, तो बी नेताना माह्याकडंच दयेनं पाहत होता.

दुसरा एक जण फोनवर म्हणे, गाडी सिंगल हँड हाये. त्या धंद्यात याचा अर्थ असा का एकाच मालकानं वापरली. मले काय माहीत, मले वाटलं एका हातानं चालते. पाह्याले गेलो त मालक बाहेर आला, उजवा हात पलस्तरात, गळ्यात बांधलेला. म्हटलं, माणूस खरं बोलते बाप्पा. गाडीचं हँडल एका गावाकडं पाहे अन् चाक दुसऱ्या गावाकडं. मी इचारलं, गाडी पडली होती का? त म्हणे, गाडी नाही पडली भाऊ, मीच पडलो. तिसरी गाडी पाह्याले केळापूरच्या बाजूले गेलतो. तिथं गाडी बरी होती पण कागद भलत्याच माणसाच्या नावावर. म्हटलं, हे कोण? त तो इकणारा शांतपणानं म्हणे, ते वारले. म्हटलं, मंग नाव कसं बदलंल? म्हणे, त्याईची काही तक्रार नाही. अशा या लोकायले लाज नाही अन् मले अक्कल नाही, म्हणून त व्यवहार जमतात. एवढा संताप होते मले, का रस्त्यानं जाताना कोणाच्या गाडीवर 'विकणे आहे' ची चिठ्ठी दिसली का मी तोंड फिरवून घेतो.

तेवढ्यात आमच्या गावच्या चहावाल्यानं सांगतलं का महागावात बाजाराच्या मागं एक रिटायर मास्तर राह्यते, त्याईची गाडी इकाले निंगाली. आता 'मास्तरच्या हातची गाडी' हे शब्द जुन्या गाडीच्या धंद्यात म्हणजे काय हाये ते ज्याले माहीत त्याले माहीत. घरून शाळा, शाळेतून घर, चाळीसच्या वर काटा नाही, पावसात पोत्याखाली झाकलेली, दसऱ्याले हार घातलेली. खोटारडे लोक बी खोटं बोलतात त हेच बोलतात का गाडी मास्तरच्या हातची हाये. इथं त मास्तर खराच होता. बायको म्हणे, "आधी कागद पाहा, मंग गाडी पाहा." म्हटलं, मास्तर हाये तो, मास्तर कायले फसवंल.

फसवलं नाही. तेच त माहं रडणं हाये. फसवलं असतं त परवडलं असतं.

गाडी अंगणात उभी होती. काळी, शंभर सीसीची, बारा वर्षांची जुनी, पण अशी चकचकीत का मी तिच्या टाकीत पाहून केस नीट केले. गुरुजी बाहेर आले. उंच माणूस, पांढरा सदरा, डावा हात मोकळा अन् उजवा हात सदऱ्याच्या खिशात. तो उजवा हात त्याईनं पुढचे चार महिने माह्यासमोर बाहेर काढला असंल त एकदोनदा. मले वाटलं, साहेबी हाये. मोठे लोक असेच एक हात खिशात घालून बोलतात, मी फोटोत पाह्यलं हाये. मी गाडीच्या टायरले पायानं दाबून पाह्याच्या आधीच त्याईनं मले तपासाले घेतलं. कितवी शिकला? म्हटलं, गेलतो शाळेत, पण त्या दिवशी बैल सुटला, तो धराले धावलो, तवापासून जाणं जमलं नाही. ब्रेक आधी पायाचा लावतो का हाताचा? गाडीवर युरियाचं पोतं नेशील का? शेळी नेशील का? बायको एकीकडं पाय टाकून बसते का दोहीकडं? मुलगी पाह्याले गेल्यावर पोराच्या बापानं सुद्धा एवढं इचारू नाही. अन् इथं मी पोराकडचा होतो का पोरीकडचा, तेच समजेना. वरून गुरुजीच्या बाईनं पोहे आणून ठेवले. कोणाच्या घरचे पोहे खाल्ल्यावर त्याच्या गाडीखाली वाकून ऑइल गळते का ते पाहणं आपल्याले जमत नाही. मी पोहे खाल्ले, शेळीले नाही म्हटलं, पोत्याले नाही म्हटलं, अन् व्यवहार झाला.

गाडी चालू करून दाखवा म्हटलं त गुरुजीनं डाव्या हातानं चावी फिरवली, चोक ओढला, एक किक मारली, अन् उजवा हात खिशातून काढून सरळ मुठीवर ठेवला. गाडी फुरफुर करून राह्यली, मूठ हालून राह्यली अन् गुरुजी डोळे मिटून उभे. मी म्हटलं, समजलं गुरुजी, करा बंद. तरी लय येळ सोडली नाही. पेट्रोल माहं नव्हतं, म्हणून मी काही बोललो नाही.

मंग त्याईनं कागदाची पिशवी देली. गाडीचं कार्ड, इमा, अन् एक जाड वही. त्या वहीत बारा वर्षांत कवा पेट्रोल टाकलं, कवा ऑइल बदललं, कवा पंक्चर झालं, सारं लिहिलेलं. मले वाचता येत नाही पण अक्षर पाहून समजते का हे मोत्यावाणी हाये. शेवटच्या दोनचार पानांवर मात्र कोण्या लेकरानं रेघोट्या ओढल्या होत्या, म्हटलं नातू असंल. आता राह्यला नाव बदलायचा फॉर्म. त्याच्यावर इकणाऱ्याची सही लागते अन् घेणाऱ्याची. मी फॉर्म पुढं केला त गुरुजी म्हणाले, "सही सावकाश करू." मी म्हटलं, करू. मागून बायकोनं माह्या पाठीत बोट रुतवलं. मी ते बोट समजून घेतलं नाही, अन् त्याच बोटाच्या जागी आजपर्यंत दुखते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वापाचले फोन वाजला. एवढ्या सकाळी फोन आला का माणूस आधी हेच इचारते, कोण गेलं अन् कोण राह्यलं. उचलला त गुरुजी. "चोक दिला का?" एवढंच. म्हटलं, देतो. म्हणाले, "देतो नाही. देऊन सांग." मी चोक देला अन् सांगतलं. मंग रोजच सव्वापाच. घड्याळ बंद पडलं तरी चालंल, गुरुजी बंद पडत नव्हते. आमच्या घरात देवाले दिवा लावाच्या आधी गुरुजीले चोक सांगावा लागे. अन् फोनवर भागलं नाही का ते सोता बसनं येत. छत्री बगलेत, उजवा हात खिशात, पाय न वाजवता. मी वावरातून आलो का गाडीपाशी कोणी वाकलेलं दिसे. चैन ढिली हाये. साइड स्टँडवर लावू नको, मोठ्या स्टँडवर लाव. निंबाखाली लावू नको, कावळे बसतात. एकदा मी गाडीच्या हँडलले भाजीची पिशवी अडकवली होती, त गुरुजीनं मले काही म्हटलं नाही, पिशवी काढून माह्या हातात देली अन् माह्याकडं असं पाह्यलं जसा मी एखाद्या म्हाताऱ्याच्या कानाले पिशवी अडकवली. माह्या सोताच्या दारात! मी बायकोले म्हटलं, हा माणूस गाडी इकून बी गाडी सोडून नाही राह्यला. ती म्हणे, "आधी कागद, म्हटलं होतं मी." या वाक्याच्या येळी मात्र तिचा पेन लय भराभर चालून राह्यला.

पंधरा दिवसानं मी फॉर्म घेऊन त्याईच्या घरी गेलो. एजंटले इचारून गेलतो. एजंट म्हणे, तुले सही येत नसली त अंगठा चालते, काही अडचण नाही. गुरुजीनं फॉर्म डाव्या हातात घेतला, पाह्यला, अन् मले इचारलं, तू इथं काय करशील? म्हटलं, अंगठा. त्यावर त्याईचं तोंड असं झालं जसं मी टाकीवर थुंकलो.

"माझ्या गाडीच्या कागदावर अंगठा चालणार नाही," ते म्हणाले. "सही शीक. ज्या दिवशी तुझी सही होईल त्याच दिवशी माझी होईल."

आता सांगा, ही कोण्या गावची रीत हाये? मी गाडी घेतली होती का शाळेत नाव घातलं होतं? पैसे देलेले, गाडी माह्या दारात, अन् कागद त्याईच्या नावावर, कारण मले अक्षर येत नाही! बरं, नाव बी सोपं नाही. माह्या बापानं, जो मले शाळेत धाडू शकला नाही, त्यानं नाव ठेवलं ज्ञानेश्वर. गाव मले ग्यान्या म्हणते, त्याच्यात बी काही ज्ञान नाही. दुनिया अ पासून शिकाले सुरुवात करते. मले अख्ख्या मुळाक्षरात जे सगळ्यात शेवटी बसलं हाये त्या ज्ञ पासून सुरुवात करणं आलं. बैलाले आधी सोताची शेपटी धराले लावल्यावाणी झालं हे.

तरी गेलो. न जाऊन सांगतो कोणाले? दर रविवारी गुरुजीच्या ओट्यावर माही शाळा भरे. मास्तर म्हटल्यावर हातात खडू असावा, पाटीवर काढून दाखवावं. या बाप्पानं कधी खडू हातात घेतला नाही. बसल्या जागेवरून तोंडानंच सांगत. उभी रेघ. खाली गाठ. आता पोट. आता शेपूट बाहेर काढ. मी काढलेला ज्ञ कधी खेकडा होये, कधी उलटी पडलेली कोंबडी. मी म्हणे, गुरुजी, एकदा तुमीच काढून दाखवा ना. ते म्हणत, मी काढला तर तुझा होणार नाही. मले हे उत्तर त्या येळी लय मोठं वाटलं होतं. घरी येऊन बायकोले बी सांगतलं. पण रस्त्यानं येताना संताप ये. एवढा बडेजाव, का खिशातून हात काढाचा कंटाळा! पाटी संपली का मी त्या गाडीच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानायवर गिरवे. टाकीवर धूळ बसली का बोटानं ज्ञ काढे. पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणे, हे काय, जादूटोणा हाये का? म्हटलं, नाही, माहं नाव हाये.

असे चार महिने गेले. श्व जमत नव्हता, बाकी सारं जमत आलतं. मंग एका सकाळी महागावच्या अलीकडं नाकाबंदी लागली. बायको मागं बसलेली, पावणेसहा झालेले. पोलिसानं कार्ड पाह्यलं, माह्या तोंडाकडं पाह्यलं. नाव एकाचं अन् तोंड दुसऱ्याचं. इम्यावर बी तेच नाव. म्हणे, उचलून आणली का? मी म्हटलं, साहेब, इकत घेतली, मास्तरच्या हातची हाये, फोन लावतो. गुरुजीनं फोन पयल्याच घंटीले उचलला, त्याईले वाटलं चोक. मी फोन साहेबाच्या हातात देला. फोनचा आवाज मोठा होता. रस्त्यावर थांबलेल्या दहा गाड्यायले आयकू गेलं.

"गाडी माझीच आहे," गुरुजी म्हणाले. "त्याला चालवायला दिली आहे."

चालवाले देली. इकली नाही, चालवाले देली. अन् वरून साहेबाले सांगतलं का मागच्या चाकात हवा कमी वाटते, आवाजावरून समजलं. साहेबानं कार्ड परत देलं, म्हणे, मास्तर भला माणूस हाये म्हणून सोडतो, पण पुढच्या बारीले कागद तुह्या नावावर नसला त गाडी जमा करीन. बायको होस्टेलात पोहोचली सव्वासहाले. पोरी ताटं घेऊन बसलेल्या. मॅडम काही ओरडल्या नाही, फक्त म्हणाल्या का आता हे शेवटचं. घरी उतरल्यावर बायको बोलली. म्हणे, "गाडी कोणाची हाये ते तुमी दोघं एकदा ठरवा. मंग मी मागं बसीन. तोवर मी होस्टेलातच झोपते म्हणून सांगून येते." तिचं लग्नानंतरचं सगळ्यात मोठं बोलणं हेच असंल, बाकी सारं ती डोळ्यानं बोलते.

माहं डोस्कं फिरलं. ठरवलं, उद्या जाऊन वही त्याईच्या ओट्यावर आपटतो. म्हणतो, तुमची गाडी, तुमची वही, माहे पैसे, अन् हा तुमचा ज्ञ. घ्या सारं परत. संध्याकाळी वही काढून बाजेवर बसलो, आपटाची कशी त्याचा विचार करत. बायको भाकरी टाकता टाकता आली, वाकून वही पाहाले लागली. चार महिने मी ती वही तिले हात लावू देली नव्हती, गुरुजीचा हुकूम होता का पीठ लागंल. तिनं एका पानावर बोट ठेवलं.

"हे बरं जमलं तुमाले. 'ऑइल बदलले.' कवा लिहिलं?"

"मी कायले ऑइल लिहीन? मले माह्या नावाच्या पुढं येत नाही."

"अक्षर त तुमचंच हाये."

खरंच, अक्षर माहंच वाटे. तशाच वाकड्या रेघा, तशीच रेघ सोडून पळालेली शेपटं, तसेच पेन अडखळल्याचे टिपके. पण ते पान माह्या पानाच्या आधीचं होतं. त्याच त्या रेघोट्या, ज्या मले नातवाच्या वाटल्या होत्या. अन् गुरुजीले नातू हाये कुठं? त्या घरात मी दोन म्हाताऱ्या माणसांशिवाय कोणी पाह्यलं नव्हतं. बायको एकेक पान मागं उलटत गेली. जसजशी मागं गेली तसतसं अक्षर सरळ होत गेलं. थोडं कापरं, मंग थोडं कमी कापरं, मंग मोत्यावाणी. म्हणजे मी ज्या दिशेनं चाललो होतो त्याच्या उलट्या दिशेनं ते आलते, अन् आमी दोघं वहीच्या मागच्या पानायवर येऊन भेटलो होतो.

मंग एकेक आठवत गेलं. खिशातला हात. डाव्या हातानं चावी. न घेतलेला खडू. सावकाश करू. गाडी कायले इकली असंल ते बी समजलं, अन् सही कायले होत नव्हती ते बी. माही सही येत नव्हती म्हणून त्याईची थांबली नव्हती. त्याईची होत नव्हती म्हणून मले शिकवत बसले होते. चार महिने मी मनात शिव्या देल्या त्या कोणाले देल्या? मी एवढा हुशार का तापवलेल्या गाडीले गरम रक्ताची समजलो अन् पलस्तर पाहून बी मालकाले खरा समजलो, पण माह्यासमोर रविवारी रविवारी एक हात थरथरत होता, तो दिसला नाही. बायको भाकरी विसरली. करपल्याचा वास आला तवा उठली.

रविवारी मी गेलो. वही आपटाले नाही. रेशनवाल्यापासून शाईचं पॅड मागून नेलं होतं. फॉर्म काढला, पॅड काढलं, अन् रस्ताभर जे घोकत आलो होतो ते म्हटलं.

"गुरुजी, एजंट म्हणे नवीन नियम आला. आता इकणाऱ्याचा अंगठाच लागते. सही चालत नाही."

गुरुजी पॅडाकडं पाहत राह्यले. मंग माह्याकडं.

"आणि घेणाऱ्याचं काय?"

"घेणाऱ्याची सही लागते."

"उलटा नियम आहे."

"सरकारी हाये, गुरुजी."

आतून त्याईची बाई दारात येऊन उभी राह्यली होती. मले वाटलं आता हा माणूस मले हाकलते. मंग त्याईनं डावा हात पुढं केला. मी त्याईचा अंगठा पॅडवर टेकवला, फॉर्मवर दाबला. चांगला उमटला, रेघ न् रेघ दिसे. पॅड बंद कराले लागलो त म्हणाले, थांब, अंगठ्याच्या बाजूला तो कोणत्या हाताचा ते लिहावं लागतं, नुसता अंगठा चालत नाही. लिही. निशाणी डावा अंगठा. नि ला पहिली वेलांटी. मी लिहाले बसलो. एवढ्या येळात एक गंजभर वरण शिजलं असतं. ते एकेक अक्षर तोंडानं सांगत गेले अन् मी काढत गेलो. माह्या हातानं मी सोताच्या नावाशिवाय लिहिलेलं पयलं काही असंल त हे, गुरुजीचा अंगठा. मंग खाली माही सही केली. ज्ञ चा खेकडा झाला नाही त्या दिवशी. गुरुजीनं चष्मा वर करून पाह्यलं.

"श्व वाकडा आहे," म्हणाले. "पण चालेल."

कागद माह्या नावावर होऊन आला. आता पोलीस थांबवतात त मीच कार्ड पुढं करतो, नाव वाचून दाखवतो, त्याईनं न मागता. बायको सहाच्या आत कणकीत हात घालते. होस्टेलच्या मॅडमचं ते शेवटचं अजून शेवटचंच हाये. गाडी एका किकमधी चालू होते, ऑइल गळत नाही, मास्तरच्या हातची हाये, खोटं नाही. पण ज्या दिवशी कार्ड आलं अन् मी गुरुजीले नेऊन दाखवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून सव्वापाचचा फोन बंद झाला. ज्या फोनले मी चार महिने शिव्या देल्या तो येईना त मी चोक ओढून उभा राहू लागलो, फोन खिशातून काढून पाहू लागलो. बायको म्हणे, चाला ना, काय पाहून राह्यले? म्हटलं, गाडी गरम होऊ दे. शेवटी आठव्या दिवशी मीच लावला. म्हटलं, गुरुजी, चोक देला. तिकडून म्हणाले, बरं. आता रोज मी सांगतो.

अन् रविवारी आता शाळा नाही, पण मी जातो. अंगणात गाडी मोठ्या स्टँडवर लावतो, गुरुजीले हाताले धरून वर बसवतो, किक मी मारतो. ते खिशातला हात काढतात अन् मुठीवर ठेवतात. गाडी थरथरते, मूठ थरथरते, हात थरथरते, अन् दारातून पाहणाऱ्या त्याईच्या बाईले बी सांगता येत नाही का यातलं कोणतं कोणाचं. गुरुजी डोळे मिटून बसतात. लय येळ बसतात. आता पेट्रोल माहं असते, तरी मी काही बोलत नाही.